सम आकड्यांची पानं

ज्यानं कुणी ते पुस्तक झेरॉक्स करून केदारखेड्याला पाठवलं, त्यानं आधी समोर यावं. जालन्याच्या मुख्य कचेरीत पंख्याखाली बसून, पानाची एकच बाजू काढा म्हणजे काम लवकर उरकतं, असं ज्या शहाण्यानं ठरवलं, त्याच्यामुळं सत्त्याण्णव सालच्या भाद्रपदात केदारखेड्यात पंधरा दिवस भेंडी मिळाली नाही. गावातलं जास्वंदाचं झाडन् झाड मुळासकट गेलं. आणि वीस वर्षं एकाच बांधावर बसून एकमेकांच्या चंचीतली तंबाखू खाणारी दोन माणसं एकमेकांच्या शेतात विळे घेऊन शिरली. त्या शहाण्याचं नाव अजून कुणाला कळलेलं नाही. कळलं असतं तर ते पहिल्याच ओळीत आलं असतं.

केदारखेड्याच्या फाट्यावर एका बियाणं कंपनीचं सेंटर होतं. दोन खोल्या, एक गोदाम, मागं साहेबांचं क्वार्टर, आणि क्वार्टरला लागून मोठी पाटी लावलेला 'नमुना प्लॉट'. गावातले अकरा शेतकरी कंपनीसाठी संकरित कपाशीचं बी तयार करायचे. नमुना प्लॉट धरून एकूण बारा. नमुना प्लॉट स्वतः साहेब बघायचे, म्हणून तो यादीत एक नंबरला.

सेंटरात कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरवर बद्रीनाथ होता. बद्रीनाथ कुठल्या कॉलेजात हे शिकला नव्हता. भोकरदनला टायपिंगच्या क्लासात एक जुनं मशीन होतं, ते बंद पडलं की तो उघडायचा आणि चालू झालं की त्यावर बसायचा. एवढ्या शिदोरीवर त्याला ही नोकरी लागली. सेंटरातला कॉम्प्युटर स्वतः काही ठरवायचा नाही. फोनच्या तारेवरून तो जालन्याच्या मोठ्या मशीनला जोडला जायचा आणि आपण त्या मशीनचाच पडदा आहोत असं सोंग घ्यायचा. इथं टाईप केलेलं तिथं उमटायचं, तिथलं उत्तर इथं दिसायचं.

त्या सोंगाला आपल्या प्रोग्रॅममधून हुकूम देता येतात, असं मुख्य कचेरीनं पाठवलेल्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं. बद्रीनाथनं डिक्शनरी मांडीवर घेऊन चार महिने ते पुस्तक वाचलं. जोड, पाठव, वाच असे हुकूम होते. हुकूम फसला की का फसला त्याचा आकडा एका डबीत पडायचा. गंमत अशी की ही डबी सगळ्यांत मिळून एकच. एका फायलीत ती खरोखरची जाहीर करायची आणि बाकीच्या फायलींना नुसतं सांगायचं, की बाबांनो, डबी बाहेर आहे, तिकडं बघा. बद्रीनाथनं आधी पाचही फायलींत पाच डब्या जाहीर केल्या. मशीननं पाचही वेळा नाक मुरडलं. मग त्यानं एक खरी ठेवली, चार ठिकाणी 'बाहेरची' लिहिलं, आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला. त्या दिवशी त्यानं घरी गेल्यावर वडलांना, म्हणजे कारभारींना, सगळं समजावून सांगितलं.

"समजा दादा, पाच गडी हायेत अन् चूक टाकायची डबी एक."

"कामून? पाचाला पाच का न्हाई देत?"

"तशीच पद्धत हाय."

"मंग ती पद्धत ज्यानं काढली त्याला शेती नसंल," असं म्हणून कारभारी जेवायला बसले.

पुस्तकात या डबीबद्दल सतराव्या पानावर शेवटी एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा, की या सामाईक डबीबाबत एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये, ती म्हणजे. इथं पान संपत होतं. पुढचं पान एकोणिसावं. त्यावर प्रिंटरला कागद कसा लावावा हे लिहिलं होतं. पुस्तकात दोन, चार, सहा, आठ असं एकही पान नव्हतं, सगळी एक, तीन, पाच. बद्रीनाथला वाटलं, इंग्रजी पुस्तकं अशीच असतील. ही त्याची चूक आहे आणि ती इथं लपवायची नाही.

बुधवारी जालन्याचा तपासनीस बाराही प्लॉट फिरून गेला. जाताना त्यानं भरलेले बारा फॉर्म बद्रीनाथच्या टेबलावर ठेवले. बद्रीनाथनं ते टाईप केले आणि पहिल्यांदाच आपल्या प्रोग्रॅमच्या हवाली केले. आता प्रोग्रॅम एकेक फॉर्म जालन्याला पाठवणार, डबी बघणार, आणि डबीत काही नसेल तर 'मंजूर', आकडा असेल तर 'नापास' अशी चिठ्ठी छापणार. बद्रीनाथनं अंगठ्यानं बटण दाबलं आणि प्रिंटर करवतायला लागला.

पहिली चिठ्ठी नमुना प्लॉटची. 'नापास. कारण सात. ठरलेल्या अंतराच्या आत दुसरं वाण.'

साहेबांचं नाव भुजंगराव. ते मागंच उभे होते. त्यांनी चिठ्ठी फाडून घेतली, वाचली, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या खणात ठेवून खण लावला.

"हे मी बघतो," ते म्हणाले. "तू पुढचं काढ."

दुसरी चिठ्ठी. नापास, कारण सात. तिसरी तीच, चौथी तीच. सातवी चिठ्ठी निघाली तेव्हा बद्रीनाथचा हात तिथंच थांबला. तिच्यावर कारभारींचं नाव होतं. आठवी साहेबरावांची, म्हणजे कारभारींच्या बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याची. बाराव्या चिठ्ठीपर्यंत कारण बदललं नाही.

"सगळेच?" भुजंगरावांनी विचारलं.

"सगळेच, साहेब."

एवढं ऐकून माणसाच्या चेहऱ्यावर दुःख यायला पाहिजे. भुजंगरावांच्या चेहऱ्यावर आलं ते दुसरंच काहीतरी. भर पंगतीत एकट्याच्याच अंगावर वरण सांडावं आणि तेवढ्यात सगळ्यांच्याच अंगावर सांडावं, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे एरियाचाच प्रॉब्लेम आहे," ते खुर्चीत टेकून म्हणाले. "कुणा एकाला बोल लावण्यात अर्थ नाही. चहा सांग."

कंपनीचा नियम असा होता. नापास प्लॉटाच्या कोपऱ्यात लाल झेंडा रोवायचा. झेंडा असेपर्यंत त्या प्लॉटात फूल जुळवायचं काम बंद. बायका दुपारी कळ्या सोलून, म्हणजे आतले पुंकेसर काढून, त्यांना लाल कागदाच्या टोप्या घालायच्या आणि सकाळी टोपी काढून कंपनीनंच दिलेल्या नर वाणाचं फूल त्यावर फिरवायच्या. एक दुपार चुकली की त्या दिवसाच्या कळ्या आपोआप फुलून वाया जायच्या. शुक्रवारी सकाळी दहाला जालन्याची जीप येणार होती, नापासांची यादी घेऊन जाणार होती. यादी एकदा जीपमध्ये बसली की हंगाम संपला. जूनपासून निंदून, खुरपून, फवारून आणलेली बारा शेतं नुसती सरकीची व्हायची, बियाण्याचा भाव बुडायचा. आणि त्यांतलं एक बद्रीनाथच्या बापाचं होतं, आणि तिथं झेंडा रोवायला बद्रीनाथच गेला होता.  झेंडा वाकडा रोवला गेला तो कारभारींनीच सरळ केला. बद्रीनाथला शिव्या परवडल्या असत्या.

गुरुवारी सकाळी कारभारी चिठ्ठी घेऊन बांधावर आले. साहेबराव आपली चिठ्ठी घेऊन आधीच उभे होते. तंबाखूची चंची दोघांच्याही खिशात होती, पण काढली कुणीच नाही.

"साहेबराव, तू काय लावलं रे माह्या बांधाला?"

"मी? मीच तुला इचारून राह्यलो. माह्या चिठ्ठीत तूच हाय."

"माझं नाव दाखव."

"नाव कशाला पाह्यजे? 'शेजारच्या शेतात दुसरं वाण' असाच अर्थ होतो म्हनला तुझा बद्री. माह्या एका अंगाला तू अन् एका अंगाला नाला. आता नाल्यानं कपाशी लावली म्हनतो का?"

"नाल्याचं मला सांगू नको. माह्या एका अंगाला तू अन् एका अंगाला रोड."

झालं. दोघांनी विळे घेतले. कारभारी साहेबरावांच्या कपाशीत शिरले, साहेबराव कारभारींच्या. ओळ न् ओळ बघितली. दोघांच्याही शेतात कंपनीनं दिलेली तीच दोन वाणं, एकाच दिवशी पेरलेली. तासाभरानं दोघंही घामाघूम होऊन परत बांधावर आले. सापडलं काहीच नाही म्हणून दोघांचाही राग जास्तच वाढला होता. चोरी सापडली तर माणूस भांडून मोकळा होतो, न सापडली तर करायचं काय?

सायकलवरून सेंटरला निघालेला बद्रीनाथ त्यांनी रस्त्यातच धरला.

"बद्री," साहेबराव म्हणाले, "कॉम्प्युटर चुकतो का? खरं सांग."

इथं बद्रीनाथला गप्प बसता आलं असतं. पण चार महिने डिक्शनरी मांडीवर घेऊन केलेलं काम होतं ते. "कॉम्प्युटर चुकत न्हाई, काका," तो म्हणाला. "काहीतरी असनारच."

"कपाशीचं तर एक झाड न्हाई येगळं."

बद्रीनाथनं इकडंतिकडं पाहिलं. साहेबरावांच्या बांधाला त्यांच्या घरधनिणीनं, सोनूबाईंनी, भेंडीच्या चार ओळी लावल्या होत्या. पिवळी, मधे काळसर ठिपक्याची फुलं. आणि बद्रीनाथला नववीचं जीवशास्त्र आठवलं. आठवलं नसतं तर गाव सुखात राहिलं असतं.

"काका, भेंडी कपाशीच्याच कुळातली असती. फूल बगा ना, सेम. अंबाडी पन त्याच कुळातली. अन् जास्वंद बी."

दोघांनी भेंडीकडं पाहिलं. मग एकमेकांकडं. वीस वर्षांची मैत्री एका क्षणात जागेवर आली आणि दोघं मिळून भेंडीवर तुटून पडले. सोनूबाई भाकरीचं टोपलं घेऊन आल्या तेव्हा चार ओळी आडव्या झाल्या होत्या.

"हे काय करून राह्यले?"

"तुझी भेंडी कपाशीची भाऊबंद निघाली," साहेबराव म्हणाले. "बद्रीनं सांगितलं."

सोनूबाईंनी टोपलं तसंच डोक्यावर ठेवलं आणि बद्रीनाथकडं बघितलं. ती नजर त्याला पुढं आठ दिवस पुरली.

ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. बाकीच्या नऊ जणांच्या हातातही चिठ्ठ्या होत्याच. त्यांनी भेंड्या उपटल्या. अंबाडी उपटली. मग घरापुढची जास्वंद. शाळेच्या कुंपणाला होती ती मास्तरांच्या देखत काढली. मारुतीच्या देवळामागची मोठी जास्वंद तोडायला पुजाऱ्यानं हरकत घेतली, पण त्याचा मेव्हणाच नऊ नंबरचा प्लॉटवाला होता, त्यामुळं हरकत तासाभरात मागं घेतली गेली. गणपती चार दिवसांवर आले होते. एवढं करून सगळे सेंटरवर आले आणि म्हणाले, आता झेंडे काढा. भुजंगराव दारात येऊन म्हणाले, "ते वरून ठरतं," आणि आत गेले.

तीन वाजता कांताबाई आल्या. एकट्या नाही, बावीस बायका घेऊन. कांताबाईंची टोळी केदारखेड्यातले सगळे प्लॉट करायची. कळी सोलण्यात त्यांचा हात असा, की कळीलासुद्धा कळायचं नाही. बावीसच्या बावीस बायका लाल टोप्यांच्या पिशव्या घेऊन सेंटरच्या ओट्यावर बसल्या. बसल्या त्या अशा, की भुजंगरावांना बाहेर जायला वाट राहिली नाही. कांताबाई आत गेल्या आणि बद्रीनाथच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"बद्री, झेंडे काढ. कळ्या फुलायला लागल्या."

"मावशी, माह्या हातात न्हाई ते. कॉम्प्युटरनं सांगितलंय."

"बराबर हाय. मंग त्याला भाईर बोलव. आमी बोलतो त्याच्यासंग."

ओट्यावरून हसण्याचा आवाज आला. 

"बारा जनाला काय काय कारनं दिली त्यानं?" कांताबाईंनी विचारलं.

"एकच. सगळ्याला सात नंबर."

"बारालाही एकच?"

"हाव."

कांताबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि समोरचं स्टूल ओढून बसल्या. "हे बघ. माह्या हाताखाली बावीस बायका हायेत. रोज बावीस तऱ्हेच्या चुका करत्यात. एक नख जास्त लावती. एकीची टोपी उडून जाती. ही बेबीनंदा बोलता बोलता ओळच इसरती."

"मी न्हाई इसरत," ओट्यावरून बेबीनंदा म्हणाली.

"इसरती. पर बावीस जनी एका दिवशी एकच चूक करत्यात ना, तवा मी बायकांना बोलत न्हाई. तवा मी भांडं बघती."

"कोनतं भांडं?"

"हात धुवायचं. एक ओळ झाली की हात धुवून दुसऱ्या ओळीला लागायचं, पह्यल्या फुलाची भुकटी हाताला राह्यली तर भेसळ होती. भांडं सगळ्यात मिळून एकच. बावीस भांडी कुठून आनू शेतात? दोन सालामागं बेबीनंदानं सकाळी पह्यला हात धुतला अन् पानी तसंच ठिवलं. मंग एकवीस जनींनी त्याच पान्यात हात बुचकळले. सगळ्यांच्या बोंडात एकच भेसळ निघाली. साऱ्या म्हनल्या, आमी तर हात धुतला. धुतला खरा. पर कशात धुतला?" कांताबाईंनी कॉम्प्युटरकडं हनुवटी केली. "तुझ्या ह्याच्यात असं सगळ्यात मिळून एक भांडं हाय का?"

बद्रीनाथनं पुस्तक जवळ ओढलं.  "हाय. डबी म्हना. चुकीचा आकडा तिच्यात पडतो."

"अन् चूक न्हाई झाली तर? ती रिकामी कोन करतं?"

त्यानं पुस्तक उघडलं. सतरावं पान. एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये, ती म्हणजे. त्यानं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती, पांढरीशुभ्र. पुढं एकोणीस. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं, की सतरा आणि एकोणीसच्या मधे एक आकडा असतो.

"मावशी," तो म्हणाला, "कोनीच न्हाई करत."

त्यानं आपला प्रोग्रॅम बाजूला ठेवला. जालन्याला हातानं जोडलं आणि हातानं टाईप करून विचारलं: प्लॉट नंबर सात. फोनची तार कुरकुरली. पडद्यावर एकच शब्द आला. मंजूर. आठ नंबर, मंजूर. नऊ, मंजूर. जालन्याचं मशीन पहिल्यापासून मंजूर म्हणत होतं. बद्रीनाथचा प्रोग्रॅम तिकडं लक्षच देत नव्हता. तो दर वेळी डबीत डोकावून बघत होता, आणि डबीत पहिल्यानं टाकलेला सात तसाच पडून होता. हुकूम फत्ते झाला की डबीला कुणी हातच लावत नाही, एवढीच ती कधीही न विसरण्याची गोष्ट. अठराव्या पानावर असणार.

"म्हंजे भेंडी उगीच गेली?" बेबीनंदानं दारातून विचारलं.

"उगीच," बद्रीनाथ म्हणाला.

"जास्वंद बी?"

"जास्वंद बी."

कांताबाईंना भेंडीत रस नव्हता. "पह्यला हात कुनी धुतला?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"कुनीतरी तर भुकटीचा हात बुचकळला असंल ना भांड्यात. सात नंबर काय आपोआप न्हाई पडला. पह्यली चिठ्ठी कुनाची होती?"

बद्रीनाथनं साहेबांच्या टेबलाकडं पाहिलं. कांताबाईंनीही पाहिलं. ओट्यावरच्या बायकांनी खिडकीतून पाहिलं. भुजंगराव खणावर हात ठेवून बसले होते.

"तो ऑफिसचा कागद आहे," ते म्हणाले.

"असू द्या की, सायब. आमी कुठं वाचनार हाव. तुमीच वाचा."

भुजंगराव वाचतील असं दिसेना. तेवढ्यात क्वार्टरच्या बाजूनं त्यांच्या पत्नी उषाबाई आल्या. एवढा गलका कशाचा ते बघायला आल्या होत्या. हातात पितळी ताट, ताटात पांढराशुभ्र कापूस, आणि बोलता बोलता त्यांची बोटं वाती वळत होती. सगळ्यांचं लक्ष त्या ताटाकडं गेलं. ते उषाबाईंनाही जाणवलं.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. "देवकापूस आहे. दारातल्या झाडाचा. माहेराहून आणलेलं झाड आहे, चार वर्षं झाली. गणपतीला लागतात वाती."

क्वार्टरचं दार आणि नमुना प्लॉट यांच्यात एक तारेचं कुंपण होतं, बस. कांताबाई ताटातला कापूस चिमटीत घेऊन बघत होत्या. "लई मऊ हाय, बाईसाब," त्या म्हणाल्या. "पर वाण येगळं हाय."

भुजंगरावांनी खण उघडला. चिठ्ठीच्या चार घड्या सोडवून ती टेबलावर ठेवली. माणूस वाईट नव्हता. नमुना प्लॉट नापास झाला हे अकरा शेतकऱ्यांना कसं सांगायचं, या लाजेनं त्यानं चिठ्ठी लपवली, आणि सगळेच नापास झाल्यावर लाजेचं कारणच उरलं नाही. पण त्याच्या एका झाकल्या चिठ्ठीवर गावातली भाजी गेली, हेही खरं आहे.

बद्रीनाथनं प्रोग्रॅममध्ये एकच ओळ वाढवली. दर हुकमाच्या आधी डबीत शून्य. पाणी फेकायचं, नवं भरायचं. मग बाराही फॉर्म परत पाठवले. प्रिंटर करवतायला लागला. पहिली चिठ्ठी नापास. दुसरी मंजूर. तिसरी मंजूर. सातव्या चिठ्ठीला बद्रीनाथनं ती फाडायच्या आधी नावावरून बोट फिरवलं. बारावी मंजूर.

साडेचार वाजले होते. अजून दोन तास उजेड होता. कांताबाई उठल्या आणि ओट्यावरच्या बायका त्यांच्या आधी उठल्या. वाटेत जो जो झेंडा लागला तो उपटत टोळी शेतात शिरली आणि अंधार पडायच्या आत अर्ध्याहून जास्त प्लॉट टोप्यांनी लाल झाले. कांताबाई मात्र सेंटरात न रोवता ठेवलेला बारावा झेंडा हातात घेऊन मागं राहिल्या होत्या.

"ह्यो कुठं लावू, सायब?"

भुजंगरावांनी झेंडा स्वतः घेतला आणि नमुना प्लॉटाच्या कोपऱ्यात, मोठ्या पाटीच्या बरोबर खाली, रोवला. तिथं तो हंगामभर राहिला. दुसऱ्या दिवशी दहाला जीप आली आणि एका ओळीची यादी घेऊन गेली. देवकापूस उपटायचा का, असं भुजंगरावांनी घरात एकदा विचारून बघितलं. उत्तर काय मिळालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण झाड आजही तिथंच आहे.

संध्याकाळी कारभारी बांधावर बसले होते. साहेबराव आले, शेजारी टेकले आणि चंची पुढं केली.

"नाल्यानं न्हाई लावली म्हन कपाशी," कारभारी म्हणाले.

"अन् रोडनं बी न्हाई," साहेबराव म्हणाले.

सोनूबाईंना पंधरा दिवस हसनाबादच्या बाजारातून भेंडी आणावी लागली, आणि दर वेळी त्या ती पिशवी बद्रीनाथच्या दारावरून नेत. गणपतीला तर सगळ्या गावाची अडचण झाली. जास्वंद पाहिजे, आणि गावात जास्वंदाचं पान उरलेलं नाही. होतं ते एकाच ठिकाणी. साहेबांच्या क्वार्टरच्या कुंपणाला चार झाडं होती, कारण साहेबांना आपली चिठ्ठी खरी का आहे हे आधीपासून माहीत होतं, त्यामुळं त्यांनी काहीच उपटलं नव्हतं. दहा दिवस सकाळी सकाळी सगळं गाव नापास प्लॉटापुढं परड्या घेऊन रांगेत उभं राहायचं. उषाबाई प्रत्येकाला पाच फुलं आणि वर दोन वाती द्यायच्या. त्या साली केदारखेड्याच्या आरत्या जरा जास्तच रंगल्या असं म्हणतात.

पंधरा दिवसांनी मुख्य कचेरीचं पत्र आलं. आधी बारा नापास, मग एक नापास, असं का झालं याचा खुलासा करावा. चुकीला जबाबदार कोण, ते नाव खालच्या रकान्यात लिहावं. रकाना एकच होता. सगळ्यात मिळून.

भुजंगराव म्हणाले, "माझं लिही."

"न्हाई साहेब," बद्रीनाथ म्हणाला. "ज्याचं त्याचं लिव्हतो."

त्यानं रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, त्यापुढं 'डबी रिकामी केली नाही'. त्याखाली साहेबांचं, त्यापुढं 'चिठ्ठी खणात ठेवली'. मग रकाना संपला म्हणून समासात लिहिलं: सोबतच्या पुस्तकाची सम आकड्यांची पानं आम्हाला मिळाली नाहीत. ती कुणी काढली नाहीत, का काढली नाहीत, आणि ती पानं आता कुठं आहेत, ते कळवावं. बद्रीनाथ नुसती जागा भरत नव्हता. बुधवारी बापानं सरळ केलेला तो झेंडा त्याला अजून दिसत होता.

महिन्यानं जालन्याहून जाडजूड पाकीट आलं. कारभारी, साहेबराव, कांताबाई, सगळे सेंटरात जमले. आत नवंकोरं, स्पायरल बांधलेलं पुस्तक होतं. बद्रीनाथनं उघडलं. एक, तीन, पाच. सतरा. एकोणीस.

सोबत पत्र होतं, मुख्य कचेरीच्या शिक्क्याचं, तेही झेरॉक्स. ते त्यानं मोठ्यानं वाचलं. 'आपल्या पत्राची गंभीर दखल घेण्यात आली आहे. सदर पुस्तक अपूर्ण जाण्याचं कारण आणि त्यास जबाबदार असलेल्या व्यक्तीचं नाव मागील बाजूस दिलं आहे.'

बद्रीनाथनं पत्र उलटलं. मागची बाजू कोरी होती, पांढरीशुभ्र.

कांताबाईंनी ते त्याच्या हातातून घेतलं, उजेडात धरलं, परत सुलट केलं, परत उलटं केलं. मग टेबलावर ठेवून दिलं.

"भांडं तिकडंच हाय," त्या म्हणाल्या.

तो कागद केदारखेड्यात अजून जपून ठेवला आहे, मागची बाजू वर करून. जालन्यातल्या त्या पंख्याखालच्या साहेबांनी एवढंच सांगावं: त्या बाजूला कुणाचं नाव होतं?